हार्वेस्ट, रंगपंचमी आणि चुकलेली पाळी

माझ्या सासरी मी 'द्राक्षाच्या कंपनीत' नोकरीला आहे. सासरे माळकरी, घरात एकादशीला साबुदाणा भिजलाच पाहिजे असा नेम, आणि सून नाशिकजवळच्या एका वायनरीत केमिस्ट. लग्न जमताना नवऱ्याने 'द्राक्षावर प्रक्रिया करणारी कंपनी आहे' एवढंच सांगितलं. त्यात खोटं काही नाही, प्रक्रियाच करतो आम्ही. ती कुठपर्यंत जाते हे कुणी विचारलं नाही आणि आम्हीही खोलात गेलो नाही.

हे आधी सांगायचं कारण असं की पुढे जे झालं त्यात डॉक्टरी भाग त्यामानाने सोपा होता. प्रश्न एका वाक्याचा होता. तो विचारायला जागा मिळेपर्यंत मात्र माझा जीव मेटाकुटीला आला.

आमच्याकडे जानेवारी ते मार्च म्हणजे हार्वेस्ट. पहाटे गारव्यात तोडलेली द्राक्षं क्रेटमधून येतात, ट्रॅक्टर गेटबाहेर ओळीने उभे असतात. प्रत्येक लॉटचं ब्रिक्स म्हणजे रसातली साखर, पीएच, आम्लता मोजायची आणि मगच माल क्रशरला सोडायचा. एकदा टँक भरले की रोज प्रत्येक टँकचा नमुना. साखर किती उतरली, अल्कोहोल किती चढलं हे उपकरणं सांगतात. पण यीस्ट कुठे अडलंय, एखाद्या टँकला सडक्या अंड्यासारखा वास धरू लागलाय का, हे आधी नाकाला आणि जिभेला कळतं. म्हणून टेस्टिंग. घोट घ्यायचा, तोंडभर घोळवायचा, स्पिटूनमध्ये थुंकायचा आणि वहीत नोंद करायची. सकाळी सकाळी, रिकाम्या पोटी, एकामागून एक. याला पिणं म्हणत नाहीत. पण जिभेवर, गालफडात जे उरतं ते पोटात जातंच, हे वायनरीत काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं.

हार्वेस्टमध्ये माझी पाळी दरवर्षी मागेपुढे होते. झोप नसते, डबा चार वाजता उघडतो. त्यामुळे त्या वर्षी ती आली नाही याकडे माझं लक्षच नव्हतं. शेवटचा लॉट प्रेसमधून निघाला आणि दोनच दिवसांत रंगपंचमी आली. नाशिककरांना धुळवडीपेक्षा रंगपंचमीचं वेड जास्त, जुन्या नाशकात त्या दिवशी पेशवेकाळातल्या रहाडी उघडतात आणि लोक त्या रंगाच्या हौदात धप्पकन उड्या घेतात. आम्ही वायनरीच्या अंगणातच पाइप लावून खेळलो आणि संध्याकाळी हार्वेस्ट संपल्याची पार्टी झाली. थंडगार रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, होती. त्या दिवशी कुणी थुंकत नव्हतं.

पाडव्याला सासूबाईंनी कडुनिंबाची चटणी हातावर ठेवली आणि मी तशीच मोरीकडे पळाले. सगळ्यांनी कडुनिंबाला दोष दिला. दुसऱ्या दिवशी लॅबचं दार उघडलं तर यीस्टच्या त्या ओळखीच्या वासाने पुन्हा ढवळून आलं. संध्याकाळी मेडिकलमधून किट आणलं. दोन रेघा आल्या.

आम्हाला मूल हवं होतं, वाटही पाहत होतो. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो खुर्चीवरून उठला, परत बसला आणि पुन्हा उठला. मीही हसत होते. मग जेवायला बसले आणि समोर भिंतीवरचं कालनिर्णय दिसलं. रंगपंचमीचा चौकोन. घास तोंडातच राहिला.

त्या रात्री मी जे केलं ते कुठल्याही केमिस्टने केलं असतं. वही काढून हिशेब मांडला. गर्भारपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे कागदावरचे पहिले दोन आठवडे पोटात काहीच नसतं. मग बीज फळतं, आणि फळलेलं बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला आणखी आठवडाभर जातो. फळल्यापासूनच्या पहिल्या दोन आठवड्यांना डॉक्टर 'सगळं किंवा काहीच नाही' असा नियम लावतात: मोठी इजा झाली तर गर्भ टिकतच नाही, टिकला तर सहसा निभावून नेतो. अवयवांची जुळणी त्यानंतर सुरू होते. मज्जारज्जूची नळी अठ्ठावीस दिवसांच्या आसपास मिटते, हृदय त्याच सुमारास धडधडायला लागलेलं असतं. टेस्टिंगचे बरेच दिवस त्या रेषेच्या अलीकडे पडत होते. रंगपंचमी पलीकडे पडत होती.

पुढे ग्रॅमचा हिशेब. दीडशे मिलिलिटरचा ग्लास, साडेबारा टक्के, अल्कोहोलची घनता ०.७८९, म्हणजे ग्लासाला जवळजवळ १५ ग्रॅम. आपल्याकडच्या तीस मिलिलिटरच्या स्मॉल पेगमध्ये १० ग्रॅम बसतात, म्हणजे माझा एक ग्लास दीड पेग. टेस्टिंगचं धरलं तर चाळीस नमुने चाखले आणि प्रत्येकातला एक मिली आत गेला असं समजलं तरी दिवसाला चार ग्रॅमच्या आतच. ते ठीक होतं. पण पार्टीत ग्लास किती झाले? तीन? चार? ग्लास रिकामा होतच नव्हता, कुणी ना कुणी येऊन वरून भरत होतं. दिवसभर दशांशात आकडे लिहिणारी मी, आणि माझ्याच बाबतीतला एकमेव महत्त्वाचा आकडा माझ्याकडे नव्हता.

याहून वाईट म्हणजे लेबलं. आमच्याकडून बाहेर जाणाऱ्या मालाच्या लेबलांची तपासणी माझ्याकडे असते. अमेरिकेला जाणाऱ्या बाटलीवर सरकारी इशारा लागतो, १९८९पासून तो सक्तीचा आहे, आणि त्यातली पहिलीच सूचना गर्भवतींनी दारू घेऊ नये अशी आहे. आमच्या आकाराच्या बाटलीवर त्याची अक्षरं दोन मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाहीत. मी ती पट्टी लावून मोजलेली आहेत. फ्रान्सच्या बाटलीवर २००७पासून पोटुशा बाईचं छोटं चित्र लागतं, गोलात, वर तिरकी रेघ मारलेलं. ते चित्र फिकट छापलं म्हणून मी एकदा अख्खी रीळ परत पाठवली होती. आणि आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या बाटलीवर 'मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे, सुरक्षित राहा, दारू पिऊन गाडी चालवू नका' एवढंच असतं. गरोदरपणाचा शब्द नाही. ही तफावत मला कामाचा भाग म्हणून पाठ होती.

रात्री मोबाइलवर वाचायला लागले आणि वाचतच गेले. १९६८मध्ये फ्रान्समधल्या नांतच्या पॉल लमोआन यांनी, आणि १९७३मध्ये सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी दारू पिणाऱ्या आयांच्या बाळांत दिसणारी लक्षणं मांडली. जोन्स-स्मिथ यांनी त्याला नाव दिलं. त्यांनी पाहिलेल्या बाळांच्या आया वर्षानुवर्षं दारूच्या आहारी गेलेल्या होत्या, हे मला वाचताना स्पष्ट दिसत होतं. पण रात्री दोन वाजता माणूस असे फरक करत नाही. लक्षणांमध्ये बारीक डोळे, पातळ वरचा ओठ, आणि नाक नि ओठ यांच्यामधली पन्हळ सपाट असणं ही तीन ठळक. ते वाचल्यापासून मी लोकांचे वरचे ओठ बघायला लागले. बसमधला कंडक्टर, भाजीवाल्या मावशी, टीव्हीवर बातम्या देणारी मुलगी. असे सपाट पन्हळीचे कितीतरी धडधाकट लोक नाशकात फिरतायत, मी कधी बघितलंच नव्हतं. शेवटी शेजारी झोपलेल्या नवऱ्याकडे मोबाइलचा उजेड धरला. त्याचा वरचा ओठ चांगलाच पातळ आहे, आणि त्याच्या घरात तीन पिढ्यांत दारूला कुणी शिवलेलं नाही.

पहिल्या तपासणीला सासूबाई सोबत आल्या. हौसेने आल्या, पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या घेऊन आल्या. नर्सने केसपेपर भरायला घेतला. वय, वजन, शेवटची पाळी, घरात कुणाला साखर-बीपी. मग मान वर न करता, "तंबाखू, मिश्री?" मी नाही म्हटलं. तिने रेघ ओढली आणि पुढचा रकाना घेतला. दारूचं विचारलंच नाही. खेड्यापाड्यातून येणाऱ्या बायका मिश्री लावतात म्हणून तो प्रश्न तिच्या तोंडात बसलेला. साडीतली सासू शेजारी घेऊन आलेली, गळ्यात मंगळसूत्र, हातात फाइल असलेली बाई वाइन पीत असेल हे तिच्या डोक्यात येण्याचं काही कारणच नव्हतं.

डॉक्टर मॅडमनी विचारलं, "काय काम करता?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "द्राक्षाच्या कंपनीत आहे."

"मग फवारणीपासून लांब राहा बरं का. औषधांची पावडर वगैरे हाताळू नका," मॅडम म्हणाल्या, आणि फॉलिक ॲसिडची गोळी लिहून दिली. मी हो म्हणाले. जिना उतरताना मला हसावं की रडावं कळेना. डॉक्टर काळजी करतायत कीटकनाशकाची, सासूबाई सांगतायत की आमची सून तर एसीत बसते, आणि खरी गोष्ट माझ्या जिभेच्या टोकावर बसून राहिलेली.

फोन करावा म्हटलं तर फोन रिसेप्शनिस्ट घेते आणि 'काय काम होतं' हे तिला सांगावं लागतं. एकटीने जावं म्हटलं तर 'एकटी कशाला गेलीस' हा प्रश्न घरी वाट बघतो. नवऱ्याचं म्हणणं, "मी सांगतो ना डॉक्टरांना." ते मला नको होतं. माझ्या ग्लासांचा हिशेब तिसऱ्या माणसाने द्यावा, तोही सौम्य करून, यात काय अर्थ? तो 'एखादा घोट' म्हणाला असता. मला एखाद्या घोटाचं उत्तर नको होतं.

जागा मिळाली ती सोनोग्राफीच्या खोलीत. तिथे आत पेशंटशिवाय कुणाला सोडत नाहीत. बाहेर तो फॉर्म भरून घेतला, 'गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही' याखाली सही झाली, आणि सासूबाई बाहेरच्या बाकावर पोथी काढून बसल्या. आत अंधार, पोटावर गार जेल. मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. करड्या रंगात एक भुईमुगाच्या दाण्याएवढं काहीतरी आणि त्याच्या मधोमध काहीतरी लुकलुकत होतं. "ठोके छान आहेत," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "मॅडम, मी वायनरीत टेस्टिंग करते. आणि रंगपंचमीला प्यायले होते. तेव्हा माहीत नव्हतं."

त्यांनी प्रोब काढला नाही, चेहराही बदलला नाही. "किती? एका बैठकीत?"

"तीन. कदाचित चार. ग्लास भरत होते लोक."

"त्याआधी असं वरचेवर? दर आठवड्याला?"

"नाही. फक्त चाखून थुंकणं, रोज."

"आणि कळल्यापासून?"

"थेंब नाही."

मग त्या माप घेता घेता बोलत राहिल्या. त्यांचं बोलणं मला जवळजवळ शब्दशः आठवतं, कारण इतके दिवस त्याचीच वाट बघत होते. "दोन गोष्टी सांगते, दोन्ही खऱ्या आहेत. एक, इतकी घेतली तर चालते असं प्रमाण कुणालाही माहीत नाही, म्हणून आतापासून बाळंतपणापर्यंत शून्य. टेस्टिंगसुद्धा बंद. दुसरी, कळायच्या आधी थोडीफार घेतली गेली तर बाळाला त्रास होण्याची शक्यता कमी असते. सगळ्यात वाईट काय, तर एका बैठकीत खूप आणि तसं पुन्हा पुन्हा. तुमचं तसं नाही."

"कमी म्हणजे किती?"

"तो आकडा माझ्याकडे नाही. कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका." आणि जरा थांबून, "आईने थेंबही न घेता शंभरातल्या तीनेक बाळांत काही ना काही जन्मजात दोष निघतो. त्यात तुमच्या त्या संध्याकाळीने किती भर घातली, घातली का, हे मोजायचं यंत्र नाही."

मी विचारलं की सोनोग्राफीत दिसेल का. त्यांनी सरळ सांगितलं की अवयवांची ठेवण दिसेल, अठरा-वीस आठवड्यांच्या ॲनॉमली स्कॅनमध्ये हृदयाचे कप्पे, मणका, ओठ सगळं बघू. पण मेंदू पुढे कसा चालेल ते कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाही, आणि दारूचा परिणाम झालाय की नाही हे पोटात असताना सांगणारी तपासणी नाही. "स्कॅन चांगला आला म्हणून मी तुम्हाला शंभर टक्के लिहून देणार नाही. तसं मी कुणालाच देत नाही." खाली करावं का असं विचारायला येणारीही जोडपी असतात, त्या म्हणाल्या, एखाद्या लग्नातल्या दोन बिअरपायी. एवढ्या कारणासाठी तसा सल्ला त्या कधीच देत नाहीत.

इंग्लंडच्या सरकारी डॉक्टरांनी २०१६मध्ये दिलेला सल्ला मी नंतर वाचला, तो जवळपास हाच आहे: न पिणं सगळ्यात सुरक्षित, पण कळण्याआधी थोडी घेतली असेल तर धोका कमी असावा. म्हणजे मॅडमनी माझं मन राखायला काही गोड केलेलं नव्हतं. 'काही होत नाही हो, चिंता करू नका' असं त्या म्हणाल्या असत्या तर मी घरी जाऊन पुन्हा वही उघडली असती. 'आकडा नाही' हे ऐकल्यावर मात्र वही बंद झाली. जे मोजताच येत नाही त्याच्यामागे रात्री दोन वाजता धावण्यात हशील नाही, हे लॅबवाल्या माणसाला पटतं.

जेल पुसायला टिश्यू देताना त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "केसपेपरवर लिहू का? फाइल घरी कोण बघतं?" हा प्रश्न विचारणारी डॉक्टर मला भेटली याचं मी आजही भाग्य मानते. मी लिहा म्हटलं, कारण उद्या बाळाच्या डॉक्टरांना ते कळायला हवं. त्यांनी एक ओळ अशा अक्षरात लिहिली की सासूबाईच काय, मलाही ती धड लागत नाही.

ऑफिसात गोष्ट आपोआपच फुटली. वायनरीत बाई टेस्टिंगला 'आज नको' म्हणाली की दुसऱ्या दिवशी अख्ख्या सेलरला कळतं. तिसऱ्या दिवशी कॅन्टीनवाल्या काकांनी न मागता वाटीत लोणचं दिलं. माझं काम बदललं, मी टायट्रेशनच्या, म्हणजे आम्लता मोजायच्या, टेबलावर गेले आणि लेबलांवर. त्या चित्रातल्या पोटुशीची जाडी मोजताना एकदा माझं मलाच हसू आलं.

घरी मात्र जे व्हायचं होतं ते बाटलीतूनच आलं. मला अन्न जात नव्हतं म्हणून सासूबाईंनी द्राक्षासव आणलं. आयुर्वेदिक, भूक लागते, त्यांच्या आईने त्यांना दिलेलं. दोन चमचे पाण्यात घालून समोर धरलं. सवयीने मी लेबल वाचलं: स्वयंनिर्मित अल्कोहोल ५ ते १० टक्के. आसव-अरिष्टं आंबवूनच करतात, त्यात ते असणारच. आमच्या टँकात वेगळं काय होतं?

"आई, हे मला नको. यात दारू आहे."

"काहीतरीच. औषध आहे ते."

"औषध आहे, पण यात बिअरइतकं तरी अल्कोहोल आहे. डॉक्टरांनी थेंबही नको म्हणून सांगितलंय."

त्यांनी बाटली लांब धरून, चष्मा वर करून लेबल बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "तुला गं कसं कळतं एवढं यातलं?"

मी सांगितलं. आमच्या कंपनीत द्राक्षाचं काय होतं ते, टेस्टिंग म्हणजे काय ते, रंगपंचमीचंही. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी व्हायची होती, ती होईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. शिट्टी झाली, त्यांनी गॅस बारीक केला.

"म्हणजे वाइनची कंपनी आहे," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच होतं. मनुके करत असते तर दिवाळीला डबा नसता का आणलास." आणि मग, "डॉक्टरीणबाईंना सांगितलंस?"

"हो."

"काय म्हणाल्या?"

ते ऐकून घेतल्यावर त्यांनी सांगितलं की माझा नवरा तान्हा असताना सर्दी झाली की त्या त्याला बोटावर ब्रँडी चाटवायच्या, छातीलाही चोळायच्या. गावात सगळ्याच करायच्या. कपाटात मागे एक छोटी बाटली असायची, सासऱ्यांना कधी दिसली नाही. मी म्हटलं, "आई, आपल्या बाळाला नाही हां तसलं काही." त्या म्हणाल्या, "नाही गं बाई, आता डॉक्टर आहेत की." सासऱ्यांना अजून आम्ही दोघींनी सांगितलेलं नाही. तो विषय आता त्यांनीच अंगावर घेतलाय.

ॲनॉमली स्कॅन व्यवस्थित आला. मॅडमनी वरचा ओठ दाखवला तेव्हा मी उगाच खूप वेळ बघत राहिले, आणि पन्हळ दिसते का असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "पुरे आता." मुलगी वेळेवर झाली. बाळाच्या डॉक्टरांना मी पहिल्याच भेटीत ती ओळ दाखवून तोंडाने पुन्हा सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि प्रत्येक टप्प्याला मान धरणं, बसणं, बोलणं नीट बघत राहिले. अजून बघतात. आता ती दिवसभर बोलते. शाळेत गेल्यावर काही वेगळं दिसलं तर दिसेल, त्याचा विचार मी कधीतरी करते, रोज नाही.

पुढच्या हार्वेस्टला मी टेस्टिंगवर परतले तेव्हा अंगावर पाजत होते. आईच्या रक्तात अल्कोहोल जेवढं असतं साधारण तेवढंच दुधात उतरतं, आणि रक्तातलं उतरलं की दुधातलंही उतरतं. म्हणून टेस्टिंग पाजून झाल्यावर लगेच, आणि पुढचं पाजणं दोन-तीन तासांनी, असं वेळापत्रक बसवलं. ते सांभाळताना मला आमचं टेस्टिंगचं रजिस्टर खटकायला लागलं. ज्याला त्या दिवशी चाखायचं नसेल त्याने नावापुढे 'कारण' लिहायचं असा रकाना होता. नव्याने लग्न झालेल्या मुलींनी तिथे काय लिहायचं? वाट बघतोय, अजून कळलं नाही, असं? मी वरिष्ठांकडे जाऊन तो रकाना काढून टाका म्हटलं. नाव, तारीख आणि 'आज नाही', एवढंच पुरे. त्यांनी फारशी खळखळ केली नाही.

रजिस्टर आता तसंच आहे. मुली बिनधास्त 'आज नाही' लिहितात आणि कुणी विचारत नाही. पण गेल्या हार्वेस्टची पानं चाळली तर या सवलतीचा सगळ्यात जास्त फायदा पुरुषांनीच घेतलाय: मंगळवारचे उपवासवाले, संकष्टीवाले, आणि ज्यांना रात्रीच्या मिसळीची ॲसिडिटी सकाळी आठवते ते.